व्याख्या काय बदलणार?

प्रश्न : मुलगी क्रिमिनॉलॉजीला, म्हणजे गुन्हेगारीच्या अभ्यासाला, अ‍ॅडमिशन घ्यायचं म्हणतेय. पण चोरी म्हणजे चोरी, खून म्हणजे खून, त्यात रिसर्च करून व्याख्या काय बदलणार?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सोलापूरचे आहात म्हणजे सेटलमेंट तुम्हाला माहीत असणारच. तिथं तारेच्या कुंपणात पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची माणसं ठेवली होती, रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि त्यातल्या कित्येकांनी केलेलं काय तर त्या जमातीत जन्म घेतला, बास. 1871 चा इंग्रजांचा 'गुन्हेगार जमाती' कायदा, सुताराचा पोरगा सुतार तसा चोराचा पोरगा चोर असलं डोकं त्यामागं. म्हणजे जन्म हाच गुन्हा, बघा आता तुमची व्याख्या!

पुढं 1876 मध्ये लोंब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरनं कवट्या, जबडे, कान मोजून 'जन्मजात गुन्हेगार' असतो म्हणून पुस्तक काढलं. कायदा आधीचा आहे त्यामुळे त्याचं खापर याच्यावर फोडता येत नाही, पण असल्या समजुतीला शास्त्राचा शिक्का मिळाला हे खरंच. मग चार्ल्स गोरिंग या इंग्लंडच्या जेलमधल्या डॉक्टरनं साधारण तीन हजार कैद्यांची मापं घेतली, कॉलेजातली पोरं आणि सैनिक यांच्याशी ताडून बघितली आणि 1913 मध्ये सांगितलं की गुन्हेगाराचा असा वेगळा चेहरामोहरा काही नसतो.

लगेच कायदा गेला का? छे. उलट 1911 मध्ये तो कडक होऊन आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला होता. स्वातंत्र्यानंतर अय्यंगार कमिटीनं अभ्यास करून रद्द करा म्हटलं तेव्हा 31 ऑगस्ट 1952 ला सुटका, तोच आपला विमुक्त दिन. त्यातही 'सराईत गुन्हेगार', म्हणजे वारंवार गुन्हा करणारे, यांच्यासाठीचे कायदे मागच्या दारानं आलेच आणि काही राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये, म्हणजे तुरुंगाच्या नियमपुस्तकात, जमातीवरून सराईत ठरवणं चालूच राहिलं. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ही मॅन्युअलं खणून काढली, सुप्रीम कोर्टात गेल्या आणि ऑक्टोबर 2024 मध्ये कोर्टानं ते रद्द केलं, जेलच्या रजिस्टरातला जातीचा रकानाही काढायला लावला.

तर मुलीला खुशाल घेऊ द्या अ‍ॅडमिशन. फक्त तिला फिंगरप्रिंट, लॅब असलं काही डोक्यात असेल तर ते फॉरेन्सिक, कोर्स वेगळा, फी भरायच्या आधी सिलॅबस बघून घ्या.