सकाळी भाकरी थापते, दुपारी पाय ओढते

परभणीजवळच्या एका गावातून शाळेतल्या बाईंनी लिहिलंय. वय 36, चार वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, तेही अंगण ओलांडून. शाळेत सोय नीट नाही, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. दुपारपर्यंत पाय लाकडासारखे होतात. परवा फळ्यासमोर रोजच्या मुलीचं नाव आठवेना. सासूबाई म्हणतात, "सकाळी तर धडधाकट असते." शेवटी विचारलंय, "मावशी, मला एकदम किती आजार झालेत?"

लेकी, आजार एकच आहे. त्याची दुखणी मात्र एकमेकींना हाका मारतात.

पाण्यापासून धरू. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडते, मग निरोप अडखळतात. मूत्राशयाचा निरोप अडखळला की घाई लागते, नाहीतर पिशवी पुरती रिकामी होत नाही. तू भिऊन पाणी तोडलंस. लघवी घट्ट झाली, मूत्राशय आणखी चिडलं, संसर्गाला वाट मिळाली, पोट साफ होईना. तुंबलेलं पोट आणि संसर्ग, दोन्हींनी पायांचा ताठरपणा वाढतो, आणि ताठ पाय ओढायला जास्त बळ लागतं. त्यात रात्रीची मोडलेली झोप. दुपारचा थकवा नुसता शाळेचा नाही गं, आदल्या रात्रीचाही आहे. नाव आठवेना तेही याच थकव्यात. डोकं बिघडलं म्हणून घाबरू नकोस, पण डॉक्टरांना सांग.

म्हणून पाणी पी. एकदम तांब्याभर नको, दिवसभर थोडं थोडं, झोपायच्या दोन तास आधी कमी. घाईची वाट न पाहता दोन-तीन तासांनी घड्याळ बघून जाऊन ये. लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते हे सोनोग्राफीत कळतं, ते विचार. सगळ्या गोळ्या न्यूरॉलॉजिस्टना एकत्र दाखव. लघवीच्या काही गोळ्यांनी पोट बांधलं जातं, ताठरपणाच्या गोळीनं गुंगी येते. पण मनानं एकही बंद करू नकोस, ताठरपणाची गोळी अचानक तोडणं धोक्याचं असतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत हा आजार आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज कर आणि शौचालयाजवळचा वर्ग माग. ही मेहेरबानी नव्हे, तुझा हक्क आहे.

नवीन त्रास सुरू झाला, किंवा जुना वाढून 24 तासांवर टिकला, तर वाट बघत थांबू नकोस, डॉक्टरांना गाठ. ताप किंवा जळजळ असेल तर लघवीची तपासणी आधी होऊ दे.

आता हे सासूबाईंना वाचून दाखव.

माय, तुमची सून सोंग करत नाही. अंगातली उष्णता अर्ध्या अंशानं वाढली तरी या नसा निरोप नेईनाशा होतात. श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे डोळ्यांचे डॉक्टर उथॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवलंय; त्यामागं उष्णता आहे हे नंतर कळलं. आणि आपल्या परभणीचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! सकाळी अंग गार असतं, म्हणून भाकरी थापली जाते. दुपारी ती दारात आली की आधी ओला पंचा मानेवर टाका, कूलरपुढं बसवा. अंग निवलं की बळ परत येतं, तुम्हीच बघाल. आणि रात्री अंगणातला दिवा चालू ठेवा. घाईनं, अंधारात, ताठ पायांनी जाते हो ती.

— तुमची मावशी