डोक्यावरची रेघ, खांद्यावरची खूण

प्रश्न : नात अकरावीत आहे. पॉझिट्रॉन लिहिताना तिने ‘ई’च्या खांद्यावर अधिक दिलं, ते बरोबर ठरलं. तसंच प्रतिप्रोटॉनसाठी ‘पी’वर उणे दिलं, तर शिकवणीच्या सरांनी लाल फुली मारून ‘पी’च्या डोक्यावर आडवी रेघ ओढली. एकाला चिन्ह, दुसऱ्याला रेघ, हा काय प्रकार?
– एक आजी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आजी, वही माझ्याकडे तपासायला आली असती तर मी फुली मारली नसती, शेजारी रेघ काढून दाखवली असती. पोरीने डोकं चालवलंय.

खांद्यावर लिहितात तो विद्युतभार. डोक्यावरची रेघ सांगते, ‘हा प्रतिकण’, म्हणजे वस्तुमान तेच पण भारासारखे गुण उलटे असलेला जोडीदार; पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. (आपल्या देवनागरीत रेघ सगळ्यांच्याच डोक्यावर, इथे तो मान प्रतिकणांचा.) कार्ल अँडरसनला १९३२ साली पॉझिट्रॉन सापडला तो चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या उलट वळला म्हणून. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या यंत्राच्या सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात. चुंबक तेच ठेवून पॉझिट्रॉन फिरवायचे म्हटलं, तर ते उलट्या दिशेने सोडावे लागतील. दोघांत एवढा ठळक फरक असल्यावर नुसत्या अधिक-उण्यावर भागतं. प्रोटॉनच्या खांद्यावर मात्र बहुतेक वेळा काही लिहीतच नाहीत, म्हणून १९५५ साली बर्कलीला सापडलेल्या त्याच्या प्रतिकणाला रेघ आली.

पण रेघेवाचून अडतं ते न्यूट्रॉनपाशी. त्याचा भार शून्य, प्रतिन्यूट्रॉनचाही शून्य. मग फरक कशात? पोटात. न्यूट्रॉन क्वार्क नावाच्या आणखी छोट्या कणांचा बनलेला : एक ‘अप’ प्रकारचा क्वार्क, भार अधिक २/३, आणि दोन ‘डाउन’, प्रत्येकी उणे १/३. बेरीज शून्य. प्रतिन्यूट्रॉनमध्ये या तिघांचे प्रतिक्वार्क : उणे २/३, अधिक १/३, अधिक १/३. बेरीज पुन्हा शून्यच! खांदा दोघांचाही सारखा, तेव्हा रेघ हवीच.

आता सिग्मा, हाही तीन क्वार्कचाच एक कण. इथे माझे एम.एस्सी.चे विद्यार्थीसुद्धा हटकून घसरायचे. सिग्मा-अधिक आणि सिग्मा-उणे ही कण-प्रतिकणाची जोडी वाटते, पण ती नाही. पहिल्यात दोन अप आणि एक स्ट्रेंज (क्वार्कचाच आणखी एक प्रकार), दुसऱ्यात दोन डाउन आणि एक स्ट्रेंज. कण आणि प्रतिकणाचं वस्तुमान तंतोतंत सारखं असावं लागतं. यांच्यात सुमारे ८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा (कणांचं वस्तुमान या ऊर्जेच्या एककात सांगतात) फरक पडतो. सिग्मा-अधिकच्या खऱ्या प्रतिकणाचा भारही उणे एकच. आता त्याच्या डोक्यावर रेघ दिली नाही, तर तो आणि सिग्मा-उणे कागदावर एकच होऊन बसतील.

‘पाय’ (π) या ग्रीक अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या कणांपैकी पाय-अधिक आणि पाय-उणे मात्र खरोखर एकमेकांचे प्रतिकण आहेत, तिथे रेघ लागत नाही. नातीला सांगा, सरांना हळूच विचार : पाय-शून्याला प्रतिकण आहे ना, मग त्याच्या डोक्यावर रेघ का नाही? सर अडले तर उत्तर तिनेच द्यावं. तो स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे.