पत्रकातला एक शब्द खोडला आहे

प्रिय मुली,

प्रॉस्टेटच्या कर्करोगाच्या पेशंटसाठी लिहिलेलं तुझं आहाराचं पत्रक वाचलं. चांगलं उतरलंय. मथळ्यात ‘कर्करोगाला रोखणारे पदार्थ’ म्हटलं आहेस, त्यातला ‘रोखणारे’ मी लाल पेनने खोडलाय. रागावू नकोस.

तुझा लाडका टोमॅटोच घे. १९९५ साली अमेरिकेतल्या सुमारे अठ्ठेचाळीस हजार पुरुषांच्या पाहणीत टोमॅटो सॉस जास्त खाणाऱ्यांना हा कर्करोग कमी झालेला दिसला. टोमॅटोच्या रसाने मात्र फरक पडलेला दिसला नाही. लायकोपीन, म्हणजे टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, तेलात विरघळतं आणि शिजवल्यावर पेशींतून मोकळं होतं, तेव्हा कोशिंबिरीपेक्षा आपली फोडणीची टोमॅटो चटणी सरस, इतपत खुशाल लिही. पण ही पाहणी आहे. सॉस खाणारे आणखी कशाकशात वेगळे होते, ते तिच्यातून पुरतं कळत नाही.

नुसत्या आशेवर गेलं की काय होतं, ते ई जीवनसत्त्वाने दाखवलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली. ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रॉस्टेटचा कर्करोग जवळपास एक तृतीयांशाने कमी निघाला. (बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा वाढला, हेही त्याच चाचणीत!) त्या भरवशावर अमेरिकेत २००१ मध्ये पस्तीस हजारांवर निरोगी पुरुषांवर मोठी चाचणी सुरू झाली. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद केल्या, आणि २०११ चा हिशेब आला तो उलटाच: नुसतं ई घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्के जास्त.

बरं, गोळी नको, भाजीच देऊ म्हणशील. तेही करून झालंय. सौम्य आजार असलेल्या, नुसत्या देखरेखीखालच्या ४७८ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षं भाज्या वाढवायला लावल्या. २०२० मध्ये निकाल लागला: आजाराची वाढ मंदावली नाही. आहारतज्ज्ञ म्हणून मला तो वाचताना जड गेलं. भाज्या खायला सांगायचंच, हृदयासाठी, पोटासाठी. या आजाराच्या नावावर नाही.

सगळ्यांत जपायचं ते पुड्या-कॅप्सूलपासून. आठ वनस्पतींचं म्हणून विकलं जाणारं ‘पीसी-स्पेस’ घेतलं की पीएसए, म्हणजे या आजारात रक्तात तपासतात तो आकडा, खरोखर उतरायचा. तपासणीत त्यात कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन सापडलं आणि २००२ मध्ये ते बाजारातून काढलं गेलं. म्हणून पेशंटला ‘औषधं कोणती?’ एवढंच विचारून थांबू नकोस. आपल्याकडे काढा, चूर्ण, मुलाने परदेशातून पाठवलेली हळदीची कॅप्सूल यांना कुणी औषध समजत नाही. ‘आणखी काय काय घेता, काका?’ असं विचार, डबी घेऊन यायला सांग, नाव केसपेपरवर लिही आणि डॉक्टरांना दाखव.

आमटीतल्या हळदीला मात्र हात लावू नकोस.

नवा मथळा गुरुवारच्या ओपीडीआधी आण.

तुझी,
खडूस मॅडम