प्रश्न तुमचे: पॅकेज बांधताना अक्षरं अडतात तेव्हा

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करावीत.)

प्रश्न : आमच्या छोट्या प्रोग्रामचं डेब पॅकेज (डेबियन-उबुंटूवर बसवायची फाइल) माझ्या लॅपटॉपवर विनातक्रार बांधलं जातं. उबुंटू १८.०४ च्या स्वच्छ चेरूटमध्ये (मूळ यंत्रणेपासून वेगळ्या ठेवलेल्या फाइलव्यवस्थेत) मात्र 'अॅस्की कोडेक कान्ट डिकोड बाइट ०एक्सई०' असं म्हणून थांबतं. रीडमी फाइलीत लेखकाचं नाव मराठीत आहे, ते काढलं की बिल्ड पुढे सरकतं. नाव काढूनच टाकावं का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात काढू नका. नावात काही चूक नाही, चूक वाचणाऱ्या स्क्रिप्टच्या गृहीतकात आहे.

यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट नेहमी ई० असतो. 'म' म्हणजे ई० ए४ एई. ई० म्हणजे २२४, आणि अॅस्की (इंग्रजी अक्षरांपुरतं जुनं एन्कोडिंग) १२७ लाच संपतं. तुमच्या लॅपटॉपचं लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची मांडणी) यूटीएफ-८ आहे, चेरूटमध्ये ते बहुधा नुसतं 'सी' आहे. उबुंटू १८.०४ मधला पायथन ३.६ आहे. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर तो लोकेलला विचारतो, आणि 'सी' लोकेल त्याला अॅस्की सांगतं. खात्रीसाठी चेरूटमध्ये 'लोकेल चारमॅप' चालवा. 'एएनएसआय_एक्स३.४-१९६८' असं उत्तर आलं तर ते अॅस्कीचंच जुनं नाव आहे.

दुरुस्ती दोन ठिकाणी करा. सेटअप स्क्रिप्टमध्ये फाइल जिथे जिथे उघडता तिथे एन्कोडिंग='यूटीएफ-८' स्पष्ट लिहा; खरा उपाय हाच. शिवाय डेबियन/रूल्स या, पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलीत वरच्या बाजूला 'एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८' ही ओळ घाला. इथे इंग्रजीचं किंवा मराठीचं लोकेल घालू नका, कारण स्वच्छ चेरूटमध्ये ते तयार केलेलं नसतं. सी.यूटीएफ-८ मात्र डेबियन-उबुंटूत लिबसी-बिन पॅकेजबरोबरच येतं. मूळ ग्लिबसीत (लिनक्सची सी लायब्ररी) ते २०२२ साली २.३५ आवृत्तीत आलं, त्यामुळे सेंटओएस ७ वर ते सापडणार नाही. तिथे ईएन_यूएस.यूटीएफ-८ वापरा.

चूक लॅपटॉपवरच पुन्हा घडवून बघायची असेल तर आज्ञेच्या सुरुवातीला 'एलसी_ऑल=सी' लावून बिल्ड चालवा, आणि प्रोग्राम पायथनचा असेल तर ३.६ वरच चालवा. पायथन ३.७ पासून 'सी' लोकेलमध्येही यूटीएफ-८ गृहीत धरलं जातं, म्हणून नव्या पायथनवर ही चूक लपते. रुबी, १८ च्या आधीचा जावा आणि हॅस्केल अजूनही याच दगडाला ठेचकाळतात. जावासाठी जावासीला '-एन्कोडिंग यूटीएफ-८' द्या.

चुकीतला बाइट नीट वाचायची सवय लावा, तिथेच निम्मं निदान होतं. अगदी पहिल्या जागी ईएफ असेल तर फाइलीच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण, ईएफ बीबी बीएफ) चिकटलेला असण्याची शक्यता जास्त. ई२ दिसला तर बहुधा वर्ड प्रोसेसरमधून आलेलं वळणदार अवतरणचिन्ह किंवा न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह) असतो. आणि 'यूटीएफ-८ कोडेक' म्हणून ९२ वर तक्रार आली, तर फाइलच यूटीएफ-८ नाही. बहुधा विंडोज-१२५२ आहे. ती आयकॉन्व्हने (एन्कोडिंग बदलणारी आज्ञा) एकदाच बदलून साठवा, लोकेलशी खेळू नका. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला जुना मजकूर मात्र आयकॉन्व्हला कळत नाही. त्याला वेगळा परिवर्तक लागतो.

प्रश्न : बिल्ड सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या यंत्रावर लॉगिन करून) गेलो की पर्लचे 'सेटिंग लोकेल फेल्ड' असे इशारे शेकडो वेळा येतात. — एक वाचक, पणजी

उत्तर : तुमच्या यंत्राचं लोकेल एसएसएच सोबत पाठवतं (सेंडएन्व्ह लँग एलसी_*), सर्व्हर ते स्वीकारतो, पण त्याच्याकडे ते तयार केलेलं नसतं. डीपीकेजीची (डेब पॅकेजं हाताळणारी) बरीच साधनं पर्लमध्ये आहेत, म्हणून प्रत्येक पायरीला इशारा छापला जातो. नुसत्या इशाऱ्याने बिल्ड पडत नाही. पण एखादी चाचणी त्रुटींचा मजकूर जसाच्या तसा ताडून पाहत असेल तर ती पडते.

लोकेल कायमचं हवं असेल तर सर्व्हरवरच्या /ईटीसी/लोकेल.जेन मधली मराठीच्या ओळीआधीचं # चिन्ह काढून 'लोकेल-जेन' चालवा. अनेक जण इथेच चुकतात: ती ओळ 'एमआर_आयएन यूटीएफ-८' अशी, मध्ये रिकामी जागा सोडून आहे. टिंब घालून शोधलं तर सापडत नाही. कोंकणीचीही तशीच, 'केओके_आयएन यूटीएफ-८'. तात्पुरतं भागवायचं तर 'एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८' पुढे लावून एसएसएच करा.

प्रश्न : आरपीएम (रेड हॅट घराण्यातलं पॅकेज) बांधताना 'बॅड डेट इन %चेंजलॉग' येतं. तारीख तर बरोबर आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : तारीख बहुधा 'डेट' आज्ञेतून स्क्रिप्टने घातली आहे आणि तुमचं लोकेल मराठी आहे, म्हणून वाराच्या जागी 'सोम' आलं. स्पेक फाइलीत (आरपीएम कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) वार आणि महिना इंग्रजीच लागतात. तेवढ्या एका आज्ञेपुढे 'एलसी_ऑल=सी' लावा. 'बॅड'ऐवजी 'बोगस डेट' आलं तर लोकेल तपासू नका, तेव्हा वार आणि तारखेचा मेळ बसलेला नसतो.

प्रश्न : मॅकवर बनवलेली टारबॉल (एकत्र बांधलेल्या फाइलींचा गठ्ठा) लिनक्सवर उघडली. 'वाऱ्यावर' नावाची फाइल समोर दिसते, पण मेकफाइलला (बिल्डच्या पायऱ्यांची फाइल) ती सापडत नाही. — एक वाचक, ठाणे

उत्तर : 'ऱ' दोन प्रकारे लिहिला जातो. एक सलग चिन्ह आहे, ई० ए४ बी१. दुसऱ्यात 'र' (ई० ए४ बी०) आणि नुक्ता (खालचं टिंब, ई० ए४ बीसी) वेगवेगळे असतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं सुटी करून साठवते, लिनक्स मात्र बाइट जसेच्या तसे ताडतो. 'एलएस'चं उत्तर एक्सएक्सडीमधून (बाइट दाखवणारी आज्ञा) काढलं की फरक लगेच दिसेल.

'कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर .' असं चालवा. आधी ते नावं कशी बदलतील ते नुसतं दाखवतं. यादी नीट वाचून मग '--नोटेस्ट' जोडा आणि टारबॉल नव्याने बनवा. हिंदी नावांत नुक्त्याचा 'ड' असेल तर सावध राहा: एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं रूप) 'ऱ' जोडतं, पण तो 'ड' सुटाच ठेवतं, आणि सलग लिहिला असेल तर तोडतंही. मेकफाइलमधलं नावही त्याच रूपात आहे का, ते बाइट बघूनच ठरवा.