रानवाटेचे प्रश्न : फेब्रुवारीतलं फणसाड

गेल्या अंकात रायगड जिल्ह्यातल्या फणसाड अभयारण्याच्या रानवाटेवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आलेत. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, पण आत्ता लगेच उपयोगी पडतील असे प्रश्न आधी घेतेय.

ताई, फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही काशीदला जातोय, बरोबर सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा आहे. फणसाड तिथून जवळच आहे म्हणे. पण आमचे हे म्हणतात, आता पानगळ झाली असेल, रान उजाड दिसेल, पावसाळा संपल्यावरच जाऊ. खरंच काही बघायला मिळेल का? (डोंबिवली)

जा हो, नक्की जा, आणि शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, बघायचा असेल तर हाच मोसम आहे असं त्यांना सांगा. पावसाळ्यानंतर वर बघितलं की नुसतं हिरवं छत असतं, आवाज येतो पण जनावर काही दिसत नाही. आत्ता ऐन, किंजळ, साग यांनी पानं टाकायला घेतलीत, त्यामुळे नजर थेट शेंड्यापर्यंत जाते. उंचावर फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते शेकरूचं घरटं. एकाच शेकरूची अशी बरीच घरटी असतात, म्हणून एकाच घरट्याखाली ताटकळत उभे राहू नका, त्यापेक्षा कान उघडे ठेवा. त्याचा आवाज गोडबिड अजिबात नसतो, कर्कश खडखडाट असतो नुसता, तो ऐकू आला की तिथेच थांबायचं आणि वरच्या फांद्या निवांत बघायच्या. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट, मुलाला एकदा दिसला की तो विसरणार नाही. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो, सगळा प्रवास झाडावरून झाडावर, त्यामुळे मधली दोन मोठी झाडं जरी तोडली तरी त्याचा रस्ता तुटतो. आपल्या राज्यप्राण्याला सलग रान लागतं ते यासाठी, आणि फणसाडमध्ये ते अजून शिल्लक आहे याचं मला फार मोल वाटतं. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, 1986 साली अभयारण्य झालं, साधारण 54 चौरस किलोमीटर, मुरूड आणि रोहा तालुक्यांत.

आणि उजाड म्हणाल तर ते अर्धंच खरं आहे. ओढ्याच्या कडेने जांभूळ, आंबा, अंजनी हिरवेगार असतात, कारण तिथे जमिनीत ओल टिकते. अंजनीपाशी मात्र थांबाच. या दिवसात तिला बहर येतो, पण लांबून फांदीवर काहीतरी निळसर लागलंय एवढंच कळतं. वीतभर अंतरावर जाऊन बघा, फुलं पानांच्या बगलेत आणि जुन्या, पानं नसलेल्या काडीवर थेट चिकटून येतात, इवल्याशा चार पाकळ्या, गडद निळ्या-जांभळ्या, आणि त्यातून बाहेर डोकावणारे केसर. मुलाच्या हातात एक भिंग द्या, सासूबाईही तिथे रमतील.

वेळेचं म्हणाल तर सकाळी सातच्या आसपास सुपेगावच्या गेटवर पोचा आणि नोंद करून आत जा. तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, हवा गार असते, पक्षी बोलत असतात. अकरानंतर खारे वारे सुरू झाले की घाम फुटतो आणि रानही गप्प होतं. सगळी वाट तुडवायचा हट्ट नको, तिथे पाणवठ्यांना गाण म्हणतात, चिखलगाण वगैरे, त्यातल्या जवळच्या एखाद्या गाणीपाशी गाइडला विचारून आडोशाला अर्धा-पाऊण तास न बोलता बसा. फेब्रुवारीत पाणी थोड्याच जागी उरतं, त्यामुळे जनावरं आणि पक्षी आपणहून तिथे येतात. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही तेच बरं पडेल.

वाटेवर लाल फुलांची बिनपानांची झाडं दिसतात, त्यातला पळस कुठला, पांगारा कुठला, सावर कुठली? ग्रुपवर दरवर्षी भांडणं होतात. (रत्नागिरी)

खाली पडलेलं फूल उचला, भांडण मिटेल. काटेसावरीचं फूल तळहात भरेल एवढं असतं, जाडजूड पाच पाकळ्यांची वाटी आणि आत केसरांचा दाट झुबका. पळसाचं केशरी, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार, खालचा भाग काळपट मखमली, आणि झाडाला काटे नाहीत. पांगाऱ्याची फुलं लालभडक, लांबट, फांदीच्या टोकाला गर्दी करून, आणि फांद्यांना बारीक काटे असतात. सावरीला पण काटे असतात, पण ते शंकूसारखे, बुंध्यावर, कोवळ्या झाडाला जास्त. माझं ऐकाल तर फुललेल्या सावरीखाली अर्धा तास थांबा, मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे सगळे येतात, आणि पडलेली फुलं खायला पहाटे भेकर (छोटं हरीण) येऊन गेलं असेल तर मातीत खुरांच्या खुणा सापडतात.

पक्षी पुढे यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज लावला तर चालतो का? आमच्या ग्रुपमधले सगळे लावतात. (पुणे)

नाही, अजिबात नाही. आवाज रेकॉर्ड करून ॲपने पक्षी ओळखायला काहीच हरकत नाही, पण त्याला ऐकवायचा नाही. या दिवसात तांबटासारखे पक्षी जोडी जमवून घरट्यासाठी ढोली कोरायला लागलेले असतात. स्पीकरवरचा आवाज ऐकून नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, मग तो खाणंपिणं सोडून त्या नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. तुमच्यामागून अजून दोन ग्रुप येतात आणि तेच करतात. त्या पाखराची सकाळ वाया जाते, आपल्याला मिळतो एक फोटो. ग्रुपमध्ये हे स्पष्ट बोला, वाईटपणा आला तर येऊ दे.

मागच्या वर्षी जंगलातून आल्यावर पायाला गोचिड्या चिकटल्या होत्या आणि एकीला खाजकुइली लागली. यावेळी जायची भीती वाटतेय. (ठाणे)

भीती नको, काळजी घ्या. गोचिड्यांसाठी फुल पँट, पँट मोज्यात खोचलेली, फिकट रंगाचे कपडे म्हणजे चढताना दिसतात, आणि पाचोळ्यात बसायचं नाही. घरी आल्यावर अंघोळीआधी काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे नीट बघा. चिकटलेली असेल तर रॉकेल, काडेपेटी असले प्रयोग नकोत, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. नंतरच्या दिवसात ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आपणहून सांगा. सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांदा भागात माकडतापाचे पेशंट सापडलेत, तो आजार गोचिडीमुळेच होतो आणि हिवाळा सरताना, उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचा जोर असतो, तिकडे फिरणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

खाजकुइलीच्या शेंगा आत्ता वाळलेल्या असतात, सोनेरी-तपकिरी लव असलेल्या, एस आकाराच्या, वेलीवर घोसाने लोंबतात. नुसता धक्का लागला तरी लव उडते. लागलीच तर खाजवू नका, चोळू नका, चिकटपट्टी लावून अलगद उपटा, म्हणजे कुसळं तिच्याबरोबर निघतात, मग गार पाण्याने साबण लावून धुवा. कपडे वेगळे ठेवा, नाहीतर घरभर खाज. डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुवून सरळ डॉक्टरकडे.

आमच्याकडे दरवर्षी याच सुमारास डोंगराला वणवा लागतो. गावातले म्हणतात गवत चांगलं येतं आणि झाडं काय, परत फुटतात. यात तथ्य आहे का? (रोहा)

साग-ऐनासारखी जाड सालीची मोठी झाडं वाचतात, फुटतातही, तेवढं खरं आहे. पण रान म्हणजे फक्त मोठी झाडं नाहीत. हातभर उंचीची रोपं जळतात, म्हणजे पुढच्या पिढीची झाडंच गेली. जमिनीवर अंडी घालणारा रातवा पक्षी, दिवसा झुडपात दडून बसणारी पिसोरी (हरणासारखा इवलासा प्राणी), कासवं, सरडे यांना पळायला जागा नसते. शिवाय पाचोळ्याचं पांघरूण गेल्यावर आपल्याकडचा पहिला धो-धो पाऊस उघडी माती घेऊन थेट खाडीत जातो, मग विहिरी मार्चमध्ये आटल्या म्हणून रडायचं.

सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणं मात्र मला पटत नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजणं, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा रचून जाळणं, ही इथली जुनी रीत आहे, फक्त कडेने दोन-तीन मीटर पट्टा साफ करून, वारा नसताना सकाळी, बादलीभर पाणी आणि चार माणसं हाताशी ठेवून भाजला तर आग डोंगरात जात नाही. रस्त्याकडेला विडी-सिगारेट टाकणारे पर्यटक पण तेवढेच जबाबदार आहेत, आणि त्यांना तर शेतीचं कारणही नाही. वनखातं जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढतं तेव्हा गावातली पोरं मदतीला गेली तर काम लवकर होतं. आग दिसली तर वनविभागाचा 1926 हा नंबर फोनमध्ये ठेवा आणि वाट न बघता लावा.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर चपटी, चकचकीत तपकिरी बी मिळाली, रुपयापेक्षा मोठी. आजी म्हणते गारंबीची. पण गारंबी तर रानात असते ना, समुद्रात कशी आली? आणि ती रुजेल का? (वेंगुर्ला)

आजींचं बरोबर वाटतंय. गारंबीची शेंग मीटरभर किंवा त्याहूनही लांब होते, ती पिकून तुटली की एकेका बीचा तुकडा सुटा होतो आणि पावसात ओढ्याने नदीत, नदीतून खाडीत, तिथून समुद्रात जातो. बीच्या आत पोकळी असते म्हणून ती तरंगते, आणि कवच इतकं टणक की खारं पाणी आत शिरत नाही. म्हणून तुमची बी जवळच्या ओढ्याची असेल किंवा खूप लांबची, बघून सांगता येणार नाही. फणसाडला गेलात तर तिथे गारंबीचे जुने वेल बघा, माणसाच्या मांडीएवढे जाड होऊन एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेत.

रुजायची शक्यता आहे. कानशीने एका कडेला कवच घासा, आतला पांढरा गर दिसेल इतपतच, मग कोमट पाण्यात दिवस-रात्र ठेवा, फुगली तर जिवंत आहे. लावायची जूनमध्ये, पहिल्या पावसाला. फक्त आंबा-काजूच्या बागेजवळ नको, हा वेल अख्खं झाड झाकून टाकतो, बांधापलीकडे एखादं मोठं जंगली झाड असेल तर त्याच्या बुंध्यापासून थोडी लांब लावा.