डोंगरात मनासारखं घर बांधायला घेतलेल्यांचं काम कुठवर आलं? ठेकेदार 8 महिने म्हणतोय, तेवढ्यात होतं का?

आमचे तीन हंगाम झाले आणि घराला अजून फरशी नाही. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच. उशीर का झाला ते सांगतो, कारण त्यातला निम्मा तरी टाळता आला असता.

जागा भोर तालुक्यात, हिरडस मावळात, नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. आजोबांचं मातीचं घर पडलं, त्याचीच जागा. गावठाणातली, ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीचा उतारा, वडिलांच्या नावावर, त्यामुळे एनएची, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेण्याची, भानगड आमच्या वाट्याला आली नाही. तुम्ही नवी जमीन घेणार असाल तर आधी उतार मोजून घ्या. पाच फूट पुढं गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ लागत असेल, म्हणजे 1:5 च्या वर, तर सर्वसाधारणपणे बांधकामाला परवानगी मिळत नाही. एजंट हे सांगत नाही. तो दरी दाखवतो.

डोंगरात कॅलेंडर वेगळं चालतं. जून ते सप्टेंबर काम बंद, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण दसऱ्याला सुरू करू म्हटलं तर भातकापणी आलेली असते, गावातला एक माणूस मिळत नाही. दिवाळीनंतर बिगारी येतात. एप्रिलमध्ये जत्रा, मग लग्नसराई. हातात उरतात जेमतेम पाच-साडेपाच महिने. ठेकेदाराचे 8 महिने खरे धरले तरी दोन हंगाम जातातच.

पहिला हंगाम 2022 च्या दिवाळीनंतरचा. पायाचे खड्डे खणत होतो तेव्हा शेजारची आजी बांधावर येऊन उभी राहिली. "आरं बाबा, हितनं पाणी चालतं. तुझा आजा ह्या अंगाला गोठासुदीक बांधत नव्हता." मी आणि पुण्याहून आलेला आर्किटेक्ट, दोघांनी हो हो म्हटलं आणि खड्डे चालू ठेवले. जमीन कोरडीठाक होती. डिसेंबरात कुठलं पाणी दिसणार?

मागचा उतार कापून सात फुटी डबराची भिंत घातली. पाणी बाहेर पडायला तिच्यात पाइप ठेवायचे असतात, ते ठेकेदारानं ठेवले. मात्र पाइपांमागे खडी भरायची सोडून खणून काढलेली लाल मातीच लोटून दिली. वरून दिसायला भिंत झकास. मीही फोटो काढून नातेवाइकांना पाठवले.

जुलै 2023 मध्ये बघायला गेलो तर भिंतीला पोट आलं होतं. पाइपांतून एक थेंब नाही, माती बसून सगळे तुंबलेले. गढूळ पाणी निघत होतं ते दगडांच्या सांध्यांतून. एका सांध्यात खिशातलं पेन घालून बघितलं, ते टोपणापर्यंत आत गेलं. त्याच आठवड्यात, 19 जुलैच्या रात्री, इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. आणि आमच्याकडून वरंधा घाट उतरला की पलीकडे महाड तालुक्यातलं तळिये. तिथे 22 जुलै 2021 ला डोंगर आला, 80हून अधिक माणसं गेली. हे डोक्यात असताना त्या भिंतीच्या पायथ्याशी उभं राहवत नव्हतं. शेडमधलं सामान तिथंच टाकून निघालो.

दुसरा हंगाम जवळजवळ सगळा दुरुस्तीत गेला. भिंत पाडली. एका सात फुटी भिंतीऐवजी साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन टप्पे केले. पाइप दर चार-पाच फुटांवर, आणि मागे हातभर रुंद खडी, माझ्या डोळ्यांदेखत भरलेली. वरच्या अंगाला चर खणून डोंगराचं पाणी वळवलं, ते आजीनं दाखवलेल्या ओघळीतच सोडलं. घर पंधरा फूट बाजूला सरकवलं. ठरवलेल्या 30 लाखांतले 27 संपलेत आणि त्यातले 8 भिंत, चर आणि वर येणाऱ्या कच्च्या रस्त्यात गेलेत. पाहुणे येतात, इकडंतिकडं बघतात आणि विचारतात, एवढे पैसे गेले कुठं?

रस्त्याचंही तसंच. डंपर खालच्या वळणावर थांबतो. तिथून पुढं ट्रॅक्टर, तोही अर्धी ट्रॉली भरून. खडी असो की क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), एका ब्रासला, म्हणजे 100 घनफुटांना, दोन फेऱ्या. सामान टाकून निघालो म्हटलं ना, त्यात सिमेंटच्या 18 गोण्या होत्या. ऑक्टोबरात गोणी फाडली तर आत दगड, त्यावर गोणीच्या विणीचा ठसासुद्धा स्पष्ट उमटलेला. त्या 18 गोण्या आता पायवाटेच्या पायऱ्या आहेत. मजबूत आहेत.

पाण्याची गंमत अशी की पावसाळ्यात ते आवरत नाही आणि मार्चमध्ये काँक्रीटवर मारायला मिळत नाही. पहिल्या वर्षी टँकर आणला, तो वर चढेना. आता काँक्रीटची सगळी कामं डिसेंबर-जानेवारीतच उरकतो. ओढा तोवर वाहता असतो, गोणपाट ओलं ठेवता येतं.

नकाशात पश्चिमेला अख्खी काचेची भिंत होती, दरी दिसावी म्हणून. पण पावसाळ्यात वारा दरीतून वर चढतो आणि पाऊस खालून वर लागतो, हे पुण्यात बसून कळत नाही. काच रद्द केली. तिथं साधी खिडकी आणि सहा फुटांची पडवी आली, पावसाळ्यात तिला बांबूचे तट्टे बांधायचे. आजोबांच्या घराला नेमकं हेच होतं. आर्किटेक्टची फी मात्र दिली.

सध्या लोखंडी कैचीवर मंगलोरी कौलं चढलीत. वानरांनी पहिल्या महिन्यात चाळीसेक फोडली, आता जास्तीची रचून ठेवतो. आतलं प्लास्टर झालंय, वायरिंग चालू आहे. फरशी, शोषखड्डा आणि दारं बाकी.

तुमची जागा अजून घेतलेली नसेल तर ती जुलैत बघा. विकणारा मे महिन्यात बोलावेल, तेव्हा सगळेच डोंगर गुणी असतात. भर पावसात तासभर छत्री घेऊन उभे राहा, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघा, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि ठेकेदाराला 8 महिन्यांचा हिशोब विचारण्याआधी एवढंच विचारा, की भिंतीमागे काय भरणार. माती म्हणाला तर दुसरा ठेकेदार शोधा.