बोर्ड चढवण्याआधी विचारा

प्रश्न : ताई, आमच्या मोठ्या खोलीचे दोन भाग करायचे आहेत. एकीकडे मुलीचा अभ्यास, दुसरीकडे टीव्ही. मिस्टर म्हणतात वीटच बांधू, बोर्डाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं आहे. पण विटेचं म्हणाल तर आधी वजनाचा हिशेब करा. साडेचार इंची विटेची भिंत, दोन्ही बाजूंचा गिलावा धरून, चौरस मीटरला 250 किलोच्या आसपास जाते. पत्र्याचे स्टड, म्हणजे आतले उभे खांब, आणि दोन्ही अंगांना साडेबारा मिलिमीटरचा एकेक जिप्सम बोर्ड (दोन्हीकडे कागद चढवलेला जिप्समचा पत्रा) अशी भिंत साधारण 25 किलोची. स्लॅबखाली त्या रेषेत बीम नसेल तर इंजिनियरला विचारल्याशिवाय तिथे विटेची भिंत चढवू नका. मिस्टरांना हे वाचून दाखवा.

आता आवाजाचं. आत पोकळी आणि दोन्हीकडे एकच बोर्ड, अशा भिंतीपलीकडचं मोठ्यानं बोललेलं बऱ्यापैकी कळतं, हे मी नाकारत नाही. त्यावर उपाय आहेत. स्टडच्या मधल्या जागेत रॉक वूल किंवा ग्लास वूल, म्हणजे आवाज शोषणारी तंतूंची गादी, भरायचं, चेपून नाही, सैलसर. चेपलं की त्याचा गुण जातो. भरताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल. दुसरा उपाय म्हणजे टीव्हीच्या बाजूला बोर्डाचे दोन थर. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्या थराच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत आणि त्याचे स्क्रू लांब घ्यायचे. पहिल्या थराला 25 मिलिमीटरचे चालतात, दुसऱ्याला 35 चे लागतात.

पण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत बोर्ड क्वचितच दोषी असतो. दोष फटीचा असतो. भिंत फॉल्स सीलिंगपर्यंत नेऊन थांबवली, वर स्लॅबपर्यंत नेलीच नाही, तर आवाज वरून उडी मारून येतो. मग खाली कितीही वूल भरा. दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून एकाच गाळ्यात, म्हणजे त्याच दोन स्टडमधल्या जागेत, बसवले तर तिथे भिंतच उरत नाही, आरपार भोक होतं. ते वेगवेगळ्या गाळ्यांत टाकायला सांगा. स्टड ज्यात उभे राहतात त्या पत्र्याच्या आडव्या पन्हळीला चॅनेल म्हणतात; जमिनीवरच्या आणि स्लॅबखालच्या चॅनेलमागे फोमची पट्टी लावून घ्या. बोर्ड जमिनीला टेकवू नका, तीनेक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर ठेवा आणि ती फट लवचीक राहणाऱ्या सीलंटने भरा. फरशी पुसताना पाणी वर चढत नाही, हा त्यातला दुसरा फायदा. आणि दार! पोकळ फ्लश डोअर, खाली बोटभर फट, असं असेल तर वरचा सगळा खर्च फुकट. भरीव दार घ्या, खाली रबरी पट्टी लावा.

फ्रेमबद्दल एवढं पाहा की स्टड 16 इंचांवर किंवा 24 इंचांवर येतात. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. बोर्ड चार फुटी असतो; 16 चे तीन गाळे किंवा 24 चे दोन त्यात बरोबर बसतात आणि बोर्डाची कड स्टडच्या मध्यावर येते. कारागीर ‘अंदाजाने’ स्टड टाकत असेल तर त्याला थांबवा, कारण कड हवेत राहिली की तिथे भेग ठरलेली. मी घरासाठी 16 च धरते, बोर्ड दाबल्यावर लवत नाही. पत्र्याचा स्टड उंचीपेक्षा तीन सूत आखूड कापायचा आणि वरच्या चॅनेलला स्क्रू मारायचा नाही. स्लॅब भाराने किंचित खाली-वर होतो, त्याला जागा हवी. बोर्डाचे स्क्रूही फक्त स्टडमध्ये, वरच्या चॅनेलमध्ये नाही. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत जावं, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर तो स्क्रू सोडून द्या आणि दोन बोटं बाजूला दुसरा मारा.

दुसऱ्या बाजूचा बोर्ड चढण्याआधी मुलीला खोलीत उभी करा. टेबल कुठे, पुस्तकांचं कपाट कुठे, दिव्याचं बटण कुठे, हे तिच्याकडून खडूने आखून घ्या. प्रत्येक जड वस्तूमागे दोन स्टडमध्ये 18 मिलिमीटर प्लायचा तुकडा अडकवायचा आहे. आत्ता हे दहा मिनिटांचं काम आहे, नंतर भिंत फोडावी लागते. बंद करण्याआधी उघड्या फ्रेमचे टेप धरून फोटो काढून ठेवा.

प्रश्न : ते फोटो आमच्याकडे नाहीत! भिंत तयार आहे, रंगही झाला. टीव्हीचा स्टँड लावायला आलेला माणूस म्हणतो, फिशर टाकून देतो. टाकू द्यावा?

उत्तर : नाही. प्लास्टिकचा फिशर, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायची नळी, विटेसाठी असतो. बोर्डात तो नुसता खड्डा करतो.

एक जोरदार लोहचुंबक घ्या आणि भिंतीवरून आडवा फिरवा. जिथे चिकटेल तिथे बोर्डाचा स्क्रू आहे. त्याच्या वर-खाली आणखी सापडले की स्टडची रेषा मिळाली. भिंतीला सपाट चिकटणारा हलका टीव्ही असेल तर स्टँड दोन स्टडवर येईल असा लावा. पत्र्याच्या स्टडला छत्रीसारखा आत उघडणारा धातूचा अँकर वापरा, नुसता स्क्रू पातळ पत्र्यातून सुटतो. टीव्ही पुढे ओढून वळवायचा हात असेल तर मात्र हे पुरत नाही, कारण वजन भिंतीपासून जितकं लांब जाईल तितका वरच्या स्क्रूवर ताण वाढतो. तेव्हा दोन मार्ग. टीव्हीमागे झाकला जाईल एवढा बोर्ड कापून आत प्लाय बसवा. किंवा कापाकापी नको असेल तर तीन स्टड पकडणारं प्लायचं पॅनेल बाहेरूनच लावा, त्यावर लॅमिनेट किंवा रंग चढवा आणि स्टँड त्या पॅनेलवर. मला दुसरा मार्ग आवडतो. वायरीही पॅनेलमागे लपतात.

प्रश्न : पार्टिशन तीन फूट पुढे वाढवून घेतलं. जोडावर उभी भेग पडते. दर वेळी पुट्टी भरतो, पुन्हा पडते.

उत्तर : पुट्टी भरणं थांबवा. तुमच्या कारागिराने जुन्या टोकाला नवा स्टड लावला आणि बोर्डही तिथेच जोडला, असं वर्णनावरून दिसतं. फ्रेमचा सांधा आणि बोर्डाचा सांधा एका रेषेत आले की सगळी हालचाल त्या एका रेषेवर उतरते.

जोडापासून जुन्या बाजूचा बोर्ड एक स्टड मागेपर्यंत, त्या स्टडच्या मध्यावर, सरळ कापून काढा. पुढचा बोर्डही तसाच मोकळा करा. टोकाला कोपऱ्याची धातूची पट्टी आत राहिली असेल तर तीही काढा. जुना आणि नवा स्टड एकमेकांना खालपासून वरपर्यंत स्क्रूने बांधा. मग जिथे बोर्ड कापला त्या मागच्या स्टडपासून सुरू होऊन जोड ओलांडून जाणारा एक अखंड तुकडा लावा. भिंतीच्या दुसऱ्या अंगाला हेच करा, पण तिथला सांधा वेगळ्या स्टडवर घ्या.

सांध्यात भिंतीची पांढरी पुट्टी नको. ती कडक आणि ठिसूळ असते. बोर्डाच्या सांध्याचं कंपाउंड वेगळं मिळतं, ते घ्या. आधी थर, त्यात ओल्यातच कागदी टेप दाबून बसवायची, आत हवा राहू द्यायची नाही. वाळलं की दुसरा थर आणखी रुंद, तिसरा हातभर रुंद. कापलेल्या कडांना मूळ बोर्डाच्या कडेसारखा उतार नसतो, म्हणून तिथे थोडा उंचवटा येतोच. थर रुंद पसरवला की तो डोळ्याला दिसत नाही. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. घाईत पंखा लावून वाळवलेला थर आकसतो आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहिता.

प्रश्न : तयार पार्टिशनमध्ये दार पाडता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी ती भिंत काही पेलत नाही ना ते बघा. पातळ पत्र्याचं पार्टिशन सहसा पेलत नाही. लाकडी घरातली लाकडी स्टडची भिंत मात्र वरची तुळई किंवा मजला धरून असू शकते. तिथे इंजिनियरशिवाय करवत लावू नये.

मेन स्विच बंद करा. एकाच बाजूचा बोर्ड काढून आत वायर-पाइप बघा, मगच दुसरी बाजू. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून वरच्या चॅनेलपर्यंत दोन-दोन स्टड एकमेकांत बसवून पेटी करा आणि तिच्यात लाकडी पट्टी भरा, कारण बिजागऱ्यांना लाकूड लागतं. वर आडवा चॅनेल. खालचा चॅनेल सगळ्यात शेवटी कापा, तोवर तोच फ्रेम ओळंब्यात धरून ठेवतो. बोर्ड लावताना दाराच्या वरच्या कोपऱ्यावर सांधा घेऊ नका. एकाच बोर्डाला एल आकारात खाच कापून तो कोपऱ्याला वळसा घालू द्या. दार आपटलं की पहिली भेग त्या कोपऱ्यातूनच निघते.

प्रश्न : बाथरूमच्या बाजूला हिरवा बोर्ड लावला तर टाइल्स चालतील ना?

उत्तर : हिरवा बोर्ड दमट हवा सोसतो, धारेखालचं पाणी नाही. शॉवरच्या भागात सिमेंट बोर्ड लावा, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, मग टाइल्स. बेसिनसाठी फ्रेममध्ये आडवं लाकूड टाका. आणि बोर्ड लावण्याआधी प्लंबरला नळजोड दाबाखाली तपासायला लावा, तो कितीही म्हणाला की ताई, गळणार नाही.